लोकशाहीचं चित्र म्हणजे शाई लावलेलं बोट, एवढंच का?

खडू_फळा:

नमस्कार मंडळी. मी नाशिकरोडला एका शाळेत चित्रकला शिकवते. २६ जानेवारीच्या आसपास दरवर्षी चित्रकला स्पर्धा होते आणि विषय ठरलेले असतात: लोकशाही, संविधान, मतदार जागृती. आठवी-नववीची मुलं मनापासून काढतात. पण सगळे कागद भिंतीवर ओळीने लावले की दिसतं काय? शाई लावलेलं बोट, मतपेटी, मागे तिरंगा, कोपऱ्यात कबुतर. फार तर रांगेत उभी असलेली नऊवारीतली आजी. यात मुलांचा दोष नाही, आपण त्यांना दुसरं काही दाखवलेलंच नाही. पाच वर्षांनी एकदा येणारा एक दिवस, एवढीच लोकशाही त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. वर्गात कुणाचं ऐकून घेतलं जातं आणि कुणाचं नाही, घरात शेवटचा शब्द कुणाचा, हे त्यात कुठेच उतरत नाही.

यंदा स्पर्धेआधी मुलांना आजच्या कलावंतांची काही कामं दाखवायची आहेत. दोन माझ्या मनात पक्की आहेत.

पहिलं हान्स हाके यांचं. १९७० साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये एका प्रदर्शनात त्यांनी दोन पारदर्शक मतपेट्या ठेवल्या आणि वर भिंतीवर एक प्रश्न लिहिला. गव्हर्नर रॉकफेलर यांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या इंडोचायना धोरणाचा निषेध केलेला नाही, या कारणाने तुम्ही नोव्हेंबरमध्ये त्यांना मत नाकाराल का? होय असेल तर एका पेटीत चिठ्ठी, नाही असेल तर दुसऱ्या. इंडोचायना धोरण म्हणजे तेव्हा चाललेलं व्हिएतनाम-कंबोडियातलं युद्ध. आणि न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर असलेले हे रॉकफेलर त्याच संग्रहालयाच्या विश्वस्त मंडळावर होते! चित्र नाही, मूर्ती नाही. ज्या घरात उभे आहोत त्याच घराच्या मालकाबद्दल सगळ्यांसमोर विचारलेला एक प्रश्न, बस्स. प्रदर्शन संपेपर्यंत २५,५६६ चिठ्ठ्या ‘होय’च्या पेटीत आणि ११,५६३ ‘नाही’च्या पेटीत पडल्या. पेट्या पारदर्शक असल्यामुळे येणाऱ्या प्रत्येकाला तो ढीग वाढताना दिसत होता.

दुसरं मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांचं. २००७-०८ मध्ये त्यांनी लोकांना एवढंच सांगितलं की आपल्या देशाचा नकाशा आठवणीतून काढा. असे शंभर नकाशे. प्रत्येकाचा देश वेगळा निघाला. एलिमेंटरीच्या परीक्षेला आपण मुलांना स्मरणचित्र काढायला लावतो, बागेतली घसरगुंडी, बसस्टॉपवरची गर्दी. तोच कागद, तीच पेन्सिल. फक्त विषय देश.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नाशिकच्या मुलांना जवळची वाटतील अशी आणखी कोणती कामं दाखवू? आणि हाकेंसारख्या दोन पेट्या शाळेत ठेवून बघाव्यात का?

---

उपनगर_नाका:

बाई, विषय फार छान काढलात. पेट्यांवरून आठवलं म्हणून लिहितो. आमचं घराणं प्रेसचं, त्यामुळे हे लहानपणापासून ऐकत आलोय आणि पुढे वाचूनही खात्री केली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या मतपत्रिका आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या गेल्या. आकार एक रुपयाच्या नोटेएवढा, कागद गुलाबी. त्यावर उमेदवाराचं नाव नाही की चिन्ह नाही. कारण तेव्हा शिक्का मारायचाच नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. तुम्ही आडोशामागे जायचं आणि हव्या त्या पेटीत तो गुलाबी कागद टाकायचा. लिहिता-वाचता न येणाऱ्या कोट्यवधी लोकांना मत देता यावं म्हणून मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन आणि त्यांच्या माणसांनी काढलेला हा मार्ग. पेट्या लाखोंनी लागल्या, त्यातल्या कितीतरी विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात बनल्या.

आता तुमच्या विषयाचं. ती चिन्हं कुणीतरी हाताने काढलेली आहेत! एम. एस. सेठी नावाचे ड्राफ्ट्समन निवडणूक आयोगात होते, १९९२ साली निवृत्त झाले. सायकल, कंदील, शिलाई मशीन अशी रोजच्या वापरातली वस्तू घ्यायची आणि पेन्सिलने अशी काढायची की लहान छापली तरी खेड्यातल्या म्हातारीला एका नजरेत ओळखू यावी. या देशात सगळ्यात जास्त लोकांनी नीट निरखून पाहिलेली चित्रं कोणती असतील तर ती ही, असं मला वाटतं. तुमच्या मुलांना ती वस्तुचित्र म्हणून दाखवा. छायाप्रकाश नाही, नुसती रेषा, आणि तरी चूक होता कामा नये.

---

खडू_फळा:

काका, हे मला अजिबात माहीत नव्हतं. शाळेपासून प्रेसची भिंत किती लांब आहे! मुलांना पहिल्यांदा हेच सांगणार.

---

पंचवटी_घाट:

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. दोन पेट्या ठेवल्या की कला कशी काय झाली? ते मतदान झालं. उद्या कुणी रेशनच्या दुकानाची रांग गॅलरीत उभी करेल आणि म्हणेल ही कला. आमच्या नाशकात शिवाजी तुपे सरांनी घाट रंगवला, वाडे रंगवले, गोदेवरची सकाळ रंगवली. बघणारा थांबतो, त्याला समजावून सांगायला कुणी लागत नाही. लोकांची कला म्हणायची तर ती हीच नाही का? लोकशाहीवरची कला सामान्य माणसाला कळतच नसेल, तर ती कसली लोकशाही?

आणि रॉकफेलर त्या निवडणुकीत निवडून आलेच ना? मग त्या ढिगाचा उपयोग काय झाला?

---

खडू_फळा:

राग कशाला येईल? तुपे सरांची निसर्गचित्रं मीही वर्गात दाखवते, जलरंग कसे पातळ ठेवायचे ते त्यांच्याकडून शिकावं.

रॉकफेलर निवडून आले, खरं आहे. पण हाकेंना निवडणूक जिंकायची नव्हती. संग्रहालय ही शांतपणे चित्रं बघायची पवित्र जागा आहे, तिथे पैसा कुणाचा आणि सत्ता कुणाची हे विचारायचं नसतं, असा जो समज होता त्याला त्यांनी हात घातला. एरवी प्रेक्षक येतो, बघतो आणि जातो. इथे त्याला आपलं मत द्यावं लागलं. मला मुलांना नेमकं हेच दाखवायचं आहे की चित्र हे नेहमी उत्तर नसतं, प्रश्नही असू शकतो. आणि कळण्याबद्दल म्हणाल तर नववीतल्या मुलाला दोन पेट्या आणि एक प्रश्न यात न कळण्यासारखं काय आहे? उलट सोपं आहे म्हणून आपल्याला ते कला वाटत नाही, असं तर नाही ना?

---

निळी_पाटी:

ताई, धागा वाचून राहवलं नाही.

नाशिकमध्ये लोकशाहीवर कला शोधायची तर काळाराम मंदिराच्या दारापासून सुरुवात करा. २ मार्च १९३०. बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं शिस्तीत चालत गेली आणि बंद दारांसमोर बसली. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली, तरी सत्याग्रह पुढची काही वर्षं चालला. आत जाऊन देव बघणं एवढाच हेतू नव्हता. आम्ही माणूस आहोत की नाही, याचं उत्तर मागणं होतं. मूल्य आधी आणि संविधान नंतर, असं आपल्या शहरात घडलंय.

आता संविधानाच्या मूळ प्रतीकडे बघा. प्रेम बिहारी नारायण रायजादांचं हस्ताक्षर, नंदलाल बोस आणि शांतिनिकेतनच्या त्यांच्या विद्यार्थ्यांची सजावट, प्रास्ताविकेच्या पानावर बेओहर राममनोहर सिन्हांची नक्षी. मोहेंजोदडोचा बैल आहे, बुद्ध आहेत, अकबर आहे, शिवाजी महाराज आहेत, झाशीची राणी आहे, दांडीयात्रा आहे, शेवटी हिमालय, वाळवंट आणि समुद्र. देखणं काम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यात महाडचं तळं नाही. काळारामचं दार नाही. ज्या लढ्यांनी समतेची कलमं त्या पुस्तकात आणली, ते लढे त्या चित्रांत दिसत नाहीत. ही रिकामी जागा आजचे चित्रकार भरतायत. विक्रोळीत वाढलेले विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळीची गर्दी रंगवतात. प्रभाकर कांबळे यांचं ‘उतरंड’ नावाचं काम आहे, मडक्यांची रचना. कोण वर आणि कोण तळाशी हे शब्दही न उच्चारता समजतं. २०२२ मध्ये ते बर्लिन बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात होतं. आपल्याकडच्या आजीच्या घरात उतरंड होती, त्यामुळे पंचवटी_घाट दादांना तरी ती समजावून सांगावी लागणार नाही.

आणि चित्रकलेच्या बाहेरही बघा. वामनदादा कर्डक आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मोठेपणी अक्षरओळख करून घेतलेला माणूस, आणि त्यांची गाणी गावोगाव तोंडपाठ. कुठल्या गॅलरीला एवढा प्रेक्षक मिळाला? कलेतली लोकशाही म्हणजे कोण गातं आणि कुणासाठी गातं हे बदलणं. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात इशारा दिला होता की राजकारणात समता येईल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता राहील, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतोय. शाई लावलेलं बोट अर्धंच वाक्य सांगतं. दुसरं अर्धं कुणी काढायचं?

---

सिडको_त्रिमूर्ती:

वाचतेय. निळी_पाटी यांचा प्रतिसाद जपून ठेवला.

---

पंचवटी_घाट:

उतरंड कळली. फोटो शोधून बघितला. तळातल्या मडक्यावर भार कुणाचा, हे दिसतंय खरं.

---

दिंडोरी_रस्ता:

मी एक आठवण टाकतो. मार्च २०१८ चा नाशिक ते मुंबई शेतकरी मोर्चा इथल्या सीबीएस चौकातून निघाला तेव्हा आमच्या भागातले पुष्कळ लोक त्यात होते. पेठ, सुरगाणा, दिंडोरी, कळवण. वनजमिनीचा प्रश्न, कर्जमाफी, हमीभाव. ६ मार्चला निघून १२ ला पहाटे आझाद मैदानावर, साधारण १८० किलोमीटर. मी इगतपुरीपर्यंत बरोबर चाललो. दहावीच्या मुलांच्या परीक्षा होत्या म्हणून शेवटच्या टप्प्यात रात्री न झोपता चालायचं ठरलं, म्हणजे सकाळी मुंबईतली वाहतूक अडू नये. हे मला त्या मोर्चातलं सगळ्यात मोठं वाटतं. स्वतःचं मागणं मागताना दुसऱ्याच्या पोराची परीक्षा लक्षात ठेवणं.

देशभर गाजलं ते मात्र लाल टोप्यांच्या समुद्राचं वरून काढलेलं छायाचित्र आणि फाटलेल्या तळपायांची छायाचित्रं. वरून काढलेल्या फोटोत माणूस ठिपका होतो. तळपायाच्या फोटोत त्याचा चेहरा नसतो. माझ्या शेजारी चालणाऱ्या मावशी डोक्यावर गाठोडं घेऊन चालत होत्या. वनहक्काच्या दाव्याची झेरॉक्स त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोलक्यात ठेवली होती. घाम लागून अक्षर जाईल म्हणून मध्ये मध्ये काढून पुसायच्या, घडी तपासायच्या आणि परत ठेवायच्या. तो कागद कुणीच रंगवला नाही. मुलांना सांगा, लोकशाहीचं चित्र काढायचं तर ती पिशवी काढा.

चित्रकार विचाराल तर प्रभाकर पाचपुते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचे, गाव कोळसा खाणीचं. ते कोळशानेच भिंतीवर मोठमोठी चित्रं काढतात. खाणकामगार, शेतकरी, आणि धडावर डोक्याच्या जागी एखादी वस्तू. २०२१ मध्ये त्यांना वेल्समधलं आर्टेस मुंडी पारितोषिक विभागून मिळालं. ज्या कोळशाने जमीन गेली त्याच कोळशाने ते जमिनीची गोष्ट सांगतात.

---

खडू_फळा:

दादा, पिशवीतल्या झेरॉक्सचं वाचून खूप वेळ पुढचं काही वाचवलं नाही. परवानगी असेल तर हा परिच्छेद वर्गात वाचून दाखवते, तुमचं नाव न घेता. त्यावरून मुलांना स्मरणचित्र काढायला सांगेन. न पाहिलेल्या माणसाचं.

---

दिंडोरी_रस्ता:

अवश्य वाचा.

---

सातपूरकर:

मला पेट्यांबद्दल आक्षेप आहे. कंपनीत युनियनच्या निवडणुका जवळून बघितल्या आहेत म्हणून बोलतोय. पारदर्शक पेट्या आणि सगळ्यांसमोर चिठ्ठी टाकायची म्हणजे कोण कुठल्या पेटीकडे वळला हे उघड दिसणार. न्यूयॉर्कच्या संग्रहालयात आलेल्या माणसाचं रॉकफेलर काय वाकडं करणार होते? तो घरी निघून जाणार. पण ज्याची नोकरी सुपरवायझरच्या हातात आहे, ज्याचं घर दुसऱ्याच्या जागेवर आहे, त्याला गुप्त मतदान हेच एकमेव संरक्षण असतं. हात वर करून ठराव मंजूर होतात तेव्हा किती हात भीतीने वर जातात, विचारा कुणालाही. वर्गातही तेच होईल. पुढच्या बाकावरचा दादा मुलगा बघत उभा राहील आणि मागचे त्याच्या पेटीत टाकतील. उपनगर_नाका काकांनी १९५२ चं सांगितलं त्यात आडोसा होता, तो विसरू नका.

---

उपनगर_नाका:

अगदी बरोबर मुद्दा. पेट्या वेगवेगळ्या होत्या तरी त्या आडोशामागे होत्या. तरीही पेट्यांच्या पद्धतीत गोंधळाला जागा होती, मतपत्रिका पेटीबाहेर राहून जात, म्हणून पुढे १९६२ पासून एकाच मतपत्रिकेवर नावं-चिन्हं आणि शिक्का ही पद्धत आली. पद्धत सुधारत सुधारतच इथवर आलीय. म्हैसूरची ती जांभळी शाईसुद्धा १९६२ पासूनची.

---

खडू_फळा:

सातपूरकर, तुमच्या या एका प्रतिसादाने माझा सगळा आराखडा बदलला. आणि मला वाटतं मुलांसाठी खरा धडा इथेच आहे. आधी हाकेंच्या पेट्या दाखवायच्या, मग सिक्युरिटी प्रेसच्या गुलाबी मतपत्रिकेची गोष्ट सांगायची, आणि मुलांनाच विचारायचं की आपल्या वर्गात कुठली पेटी हवी, पारदर्शक की आडोशामागची? का? एका बाजूला सत्तेने लपवू नये म्हणून पारदर्शकता, दुसऱ्या बाजूला दुबळ्याला घाबरावं लागू नये म्हणून गुप्तता. दोन्ही लोकशाहीच्याच गरजा आहेत आणि त्या एकमेकींना छेद देतात. हे मी पुस्तकातून कितीही समजावलं असतं तरी दोन खोक्यांइतकं कळलं नसतं.

---

आई_नववी_ब:

मॅडम, माझी मुलगी नववीत आहे. तुमच्या शाळेत नाही, पण तरी विचारते. हे सगळं शाळेत आणलं की राजकारण शाळेत येणार. उद्या कुणी पालक उठून तक्रार करेल, कुणी फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकेल. कलाकारांचं काय होतं ते आपण पाहिलंय. पंढरपूरला जन्मलेले चित्रकार हुसेन. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांच्यावरचे खटले रद्द केले, तरी ते परत येऊ शकले नाहीत आणि २०११ मध्ये लंडनमध्ये वारले. रंगकर्मी सफदर हाश्मींवर १ जानेवारी १९८९ ला पथनाट्य चालू असताना हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. एवढ्या मोठ्या माणसांना हे, तर एका शाळेतल्या बाईंच्या पाठीशी कोण उभं राहणार? मी विरोधात नाही. काळजीने विचारतेय.

---

निळी_पाटी:

तुमची काळजी खरी आहे. त्याच गोष्टीचा पुढचा भाग मात्र सांगायलाच हवा. सफदर गेल्यानंतर ४ जानेवारीला त्यांची पत्नी मोलोयश्री आणि मंडळी त्याच जागी परत गेली आणि अर्धवट राहिलेलं नाटक पूर्ण केलं. त्याच वर्षी ‘सहमत’ ही कलावंतांची संस्था उभी राहिली. पुढे १९९२ मध्ये त्यांनी दिल्लीच्या रिक्षावाल्यांना सलोख्यावर घोषवाक्यं लिहायला लावली आणि रिक्षांच्या पाठीवर ती फिरवली. भिंत नाही, गॅलरी नाही, रिक्षाची मागची बाजू! शिल्पा गुप्तांचं २०१७-१८ चं एक कामही मुलांना सांगण्यासारखं आहे. अंधाऱ्या खोलीत शंभर मायक्रोफोन वरून लटकतायत, प्रत्येकाखाली एक टोकदार सळई आणि तिच्यात खुपसलेला कवितेचा कागद. लिहिण्याबोलण्यासाठी तुरुंगात गेलेल्या शंभर कवींच्या ओळी, आठव्या शतकापासून आजपर्यंतच्या. मायक्रोफोनमधून आवाज आत जात नाही, बाहेर येतो. एक आवाज ओळ म्हणतो आणि बाकीचे ती उचलतात.

---

खडू_फळा:

आईसाहेब, तुम्ही विचारलंत ते मुख्याध्यापिकाही विचारतीलच. माझं उत्तर असं आहे की पक्षांवर, नेत्यांवर, धर्मावर प्रश्न ठेवायचा नाही. भीतीपोटी नाही. मुलांचा त्या निर्णयात हात नसतो आणि हाकेंच्या पेटीची ताकद यातच होती की प्रश्न त्या इमारतीतल्या सत्तेबद्दल होता. शाळेत सत्ता कुठे असते? वेळापत्रकात, स्नेहसंमेलनाच्या यादीत, मैदानात.

मैदानाचंच घ्या. आमच्याकडे मधल्या सुट्टीत मुलांचं क्रिकेट चालतं आणि सगळं मैदान त्यांचंच असतं. मुली भिंतीकडेला पायरीवर बसून डबा खातात. कुणी त्यांना हाकललेलं नाही, कुठे नियमही लिहिलेला नाही. तरी खो-खोच्या मुली सुट्टीत मैदानावर उतरत नाहीत, कारण उतरलं की चेंडू लागतो आणि वर हसतात. हा प्रश्न मुलींनीच मागच्या आठवड्यात कागदावर काढला. एकीने मैदान वरून काढलं आणि त्यात सगळा हिरवा रंग भरून कडेला बारीक करड्या ठिपक्यांची रांग काढली. मी विचारलं ठिपके कसले? म्हणाली, “आम्ही.”

---

आई_नववी_ब:

हे आमच्याही शाळेत आहे. पटलं.

आणि एक भर घालते. पहिल्या मतदार याद्या झाल्या तेव्हा सुमारे २८ लाख बायकांची नावं वगळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं. आयोगाने ठरवलं की नावाशिवाय मतदार नाही. पुढच्या निवडणुकीला त्यातल्या बऱ्याचजणी नावं सांगून आल्या. करड्या ठिपक्यांवरून ते आठवलं. मुलींना पणज्यांची नावं विचारून यायला सांगा, कितीजणींना सांगता येतात बघा.

---

गंगापूर_रोड_७:

उशिरा आलो. सुधीर पटवर्धन यांचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते आणि आयुष्यभर लोकल, इराणी हॉटेल, गिरणगाव आणि रस्त्यावरची साधी माणसं रंगवत राहिले. २००१ चं ‘लोअर परळ’ बघा. चित्रातला प्रत्येक माणूस चित्रकाराने नीट बघितलेला असतो. गर्दीतल्या एकेकाला तेवढाच मान देणं ही लोकशाहीची पहिली पायरी असं मी मानतो. शिवाय त्यांनी समकालीन चित्रांचं एक प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहरांमध्ये फिरवलं, कारण ही चित्रं मुंबईबाहेरच्या लोकांना बघायलाच मिळत नव्हती. पंचवटी_घाट यांच्या ‘कळत नाही’चं उत्तर त्यात आहे. आधी दिसायला तर हवं.

दुसरं नाव नवज्योत अल्ताफ. नव्वदच्या दशकापासून बस्तरमधल्या कोंडागावात आदिवासी कलाकारांबरोबर त्या काम करतायत. तिथे त्यांनी सगळ्यांनी मिळून हातपंपांभोवतीच्या जागा बांधल्या. पाणी भरायला येणाऱ्या बायका-मुलींना विचारून. हंडा ठेवायला कट्टा किती उंच हवा, पाणी कुठे वाहून जावं, हे बघून केलेलं शिल्प. आपल्या शहरात उड्डाणपुलांच्या खांबांवर आणि भिंतींवर केवढी चित्रं रंगवली जातात. त्या गल्लीत राहणाऱ्याला एकदा तरी कुणी विचारलं का, की तुझ्या भिंतीवर काय हवं? चित्र छान आहे की वाईट हा प्रश्न नंतरचा.

---

पंचवटी_घाट:

शेवटच्या मुद्द्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या गल्लीच्या भिंतीवर एका सकाळी चित्र उगवलं. छान आहे, पण आमचं नाही.

पेट्यांवर माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. त्याला कला म्हणायला जीभ रेटत नाही. पण त्या मुलीने काढलेलं मैदान आणि या पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या तर मी बघायला येईन.

---

खडू_फळा:

नक्की या. आतापर्यंत ठरलेलं सांगते. मुख्याध्यापिकांशी आणि पीटीच्या सरांशी बोलले. प्रश्न असा: ‘मधल्या सुट्टीत मैदानाचा अर्धा भाग मुलींच्या खेळासाठी राखावा का?’ मतदान पाचवी ते दहावी सगळ्यांचं. पेट्या पारदर्शकच, पण खाकी कागदाच्या आडोशामागे, आणि आडोसा मतदान संपल्यावर सगळ्यांसमोर काढायचा. मतपत्रिका गुलाबी कार्डशीटच्या, रुपयाच्या नोटेच्या मापाच्या. मुलं स्वतः कापणार. शेजारच्या भिंतीवर स्मरणचित्रं. पिशवीतली झेरॉक्स, आठवणीतला देश आणि मैदान.

---

सातपूरकर:

अॅक्रिलिकच्या शीट्स लागतील. अंबडला एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये कटिंगचे तुकडे उरतात, दोन खोकी होतील एवढे आणून देतो. पण एक विचारतो. निकाल लागल्यावर काय? मत मागितलं आणि काहीच बदललं नाही, तर मुलं आयुष्यभरासाठी शिकतील की मत देऊन काही होत नाही. शाळा निकाल पाळणार आहे का? हे आधी लेखी घ्या.

---

खडू_फळा:

तोंडी हो आहे. लेखी सोमवारी मागते. पीटीचे सर म्हणाले की ‘होय’ला जास्त मतं पडली तर ते स्वतः फक्की टाकून मैदानावर रेघ मारतील.

---

निळी_पाटी:

आणि ‘नाही’ला जास्त पडली तर? शाळेत मुलगे जास्त असतील तर मतांच्या जोरावर मुली परत पायरीवर जातील. काळारामच्या दारासमोर त्या दिवशी गावाचं मतदान घेतलं असतं तर निकाल काय लागला असता, विचार करा. काही गोष्टी बहुमतावर सोडायच्या नसतात, म्हणून तर मूलभूत हक्क आहेत. मुली मैदानावर खेळणार की नाही हा प्रश्न पेटीत नको. रेघ कुठे मारायची, कोणत्या वारी कोणता खेळ, हे पेटीत टाका.

---

खडू_फळा:

पटलं. प्रश्न बदलते. मैदानात मुलींची जागा असणारच, हे पेट्यांच्या वर मोठ्या अक्षरात आधी लिहू. अक्षरलेखनाचा तास आहेच, दहावीची मुलं करतील. पेट्यांचा प्रश्न: ‘जागा रोज अर्धी-अर्धी वाटायची, की एक दिवसाआड संपूर्ण मैदान द्यायचं?’ पीटीच्या सरांनाही हे जास्त आवडेल, खो-खोला पूर्ण लांबी लागते.

सातपूरकर, शीट्स घेऊन शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर याल का? चित्रकलेची खोली पहिल्या मजल्यावर आहे, मी आणि दहावीची काही मुलं थांबू.

---

सातपूरकर:

येतो. ड्रिल मशीन पण आणतो, वरच्या झाकणाला फट पाडावी लागेल.